कोणाच्या घरी नाही झालं?

पत्र

ताई, नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान गावची आशा सेविका. वय ३९. घरी सहा एकर कोरडवाहू, पऱ्हाटी म्हणजे कपाशी आणि तूर. २०१७ मध्ये फवारणीच्या दिवसांत माझा धाकटा दीर वावरातून घरी आला आणि म्हणाला, "वहिनी, डोळ्यापुढं धुरकट दिसून राह्यलं." मग उलट्या, घाम, तोंडातून लाळ. ऑटोत त्याचं डोकं माझ्याच मांडीवर होतं. चौथ्या दिवशी तो गेला. २३ वर्षांचा होता.

तेव्हापासून फवारणीच्या औषधाचा वास आला की मळमळते, छातीत धडधड होते, हातपाय गार पडतात. जुलै ते ऑक्टोबर मी वावरात पाय ठेवत नाही. रात्री ऑटोचा आवाज आल्यासारखा होतो आणि मी उठून बसते. पोळा जवळ आला की चिडचिड वाढते, पोरांवर हात उगारते. घरी सांगितलं तर हे म्हणतात, "गावात कोणाच्या घरी नाही झालं? तूच कायले धरून बसली?" सासूबाई म्हणतात, "माह्या पोटचा गेला, मी नाही रडत बसली." त्या पोळ्याला बैल ओवाळायला मात्र बाहेर येत नाहीत. जावेने भगताकडे नेलं, दोरा बांधला, फरक नाही.

फॉर्म भरताना मी घरोघरी विचारते, कामात मन लागते का, उदास वाटते का. मला कोणी विचारत नाही. लहानपणी बाप दारू पिऊन आईला मारायचा तेव्हा मी कोठीमागे लपून बसायची, पण ते तर सगळीकडेच होतं. माझे प्रश्न दोन. इतक्या लोकांवर काही ना काही गुदरतेच, तर मीच अशी का? आणि आशा म्हणून मी घरोघरी विचारून अशा लोकांची यादी करावी का?

उत्तर

ताई, तुमच्या यजमानांच्या बोलण्यातला पहिला अर्धा भाग खरा आहे, म्हणून आधी तोच घेते. गावात कोणाच्या घरी नाही झालं? जवळजवळ सगळ्यांच्याच घरी झालं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मानसिक आरोग्य पाहणीत २४ देशांतल्या ६८ हजारांहून अधिक मोठ्या माणसांना समोर बसून विचारलं गेलं, की जिवावर बेतणारं, हादरवून टाकणारं काही तुमच्या वाट्याला आलं आहे का. २९ प्रकारच्या प्रसंगांबद्दल प्रश्न होते: अपघात, पूर, मारहाण, बलात्कार, युद्ध, जवळच्या माणसाचा अचानक मृत्यू, डोळ्यांदेखत कोणाचा जीव जाणं. २०१६ मध्ये निष्कर्ष छापून आले. दर १०० पैकी ७० जणांनी निदान एक तरी प्रसंग सांगितला. १०० पैकी ३० जणांवर असे चार किंवा त्याहून जास्त प्रसंग आले होते. त्यात जपान, जर्मनी, अमेरिका होते तसे नायजेरिया, कोलंबिया, पेरूही होते. म्हणजे हे फक्त गरिबांच्या, शेतकऱ्यांच्या किंवा मागास भागाच्या वाट्याला येतं असं समजायचं कारण नाही.

त्या पाहणीतली आणखी एक गोष्ट तुमच्या पत्राला अगदी लागू पडते. सांगितल्या गेलेल्या सगळ्या प्रसंगांपैकी निम्म्याहून जास्त फक्त पाच प्रकारांत बसत होते: कोणाचा मृत्यू किंवा गंभीर इजा डोळ्यांनी पाहणं, जिवलगाचं अचानक जाणं, लूटमार, वाहनाचा जीवघेणा अपघात आणि स्वतःला झालेला जीवघेणा आजार किंवा इजा. त्यातल्या पहिल्या दोन गोष्टी त्या ऑटोत आणि नंतरच्या चार दिवसांत तुमच्यावर एकदमच आल्या.

तुमचं गाव त्या पाहणीत नव्हतं. पण ती प्रसंगांची यादी घेऊन आपल्या भागात कुठल्याही ओट्यावर बसलं तर हो म्हणणारे किती निघतील, हे तुम्ही माझ्याहून जास्त जाणता. रात्री ओलीत करायला गेलेल्याला साप चावतो. मृगाच्या पावसात झाडाखाली थांबलेल्यांवर वीज पडते. चंद्रपूर जिल्ह्यात ब्रह्मपुरी, सिंदेवाहीकडे मोहफुलं वेचायला गेलेली बाई परत येत नाही आणि सोबतच्या बायांनी वाघ पाहिलेला असतो. नागपूर जिल्ह्यातल्या मोवाडला ३० जुलै १९९१ च्या पहाटे वर्धा नदीचं पाणी गावात शिरलं आणि दोनशेहून जास्त माणसं गेली. त्या रात्री जी पोरं छतावर बसून वाचली ती आज पन्नाशीच्या आसपास आहेत. कर्जापायी ज्या घरातला कर्ता माणूस गेला, त्या घरात त्याला पहिल्यांदा कोणी पाहिलं, हे सहसा कोणी विचारत नाही. बहुतेक वेळा ती बायको असते, नाही तर शाळेतून आलेलं पोरगं. आणि २०१७ चा तुमचा हंगाम. त्या वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले आणि शेकडो दवाखान्यात भरती झाले. पऱ्हाटी डोक्याच्या वर वाढलेली, हवेत दमटपणा, आणि पंपाचा फवारा थेट नाकातोंडावर. तुमचा दीर त्या संख्येत आहे. पण त्यांना ऑटोतून, बंडीतून, मोटारसायकलवर मध्ये बसवून ज्यांनी दवाखान्यात नेलं, त्यांची मोजदाद कुठेच झाली नाही. तुम्ही त्या माणसांपैकी आहात.

म्हणून यजमानांचा पहिला अर्धा भाग मी मान्य करते. दुसरा अर्धा, "तूच कायले धरून बसली", हा साफ चूक आहे, आणि तो तुम्ही स्वतःलाही म्हणू लागला आहात याचं मला फार वाईट वाटतं. धरून बसायला ते तुमच्या हातात असावं लागतं. वास आला की मळमळतं, धडधडतं, हातपाय गार पडतात, यातलं काहीही तुम्ही ठरवून करत नाही. वावरात जागलीला बसलेल्या माणसानं एकदा डुकरांचा कळप अंगावर येताना पाहिला, की पुढे नुसत्या वाऱ्यानं झाडं हलली तरी तो काठी घेऊन उठतो. त्या दिवसापासून तुमचं शरीर तशा जागलीवर बसलं आहे. औषधाचा वास आणि माणूस मरणं या दोन गोष्टी त्यानं एकत्र लक्षात ठेवल्या आहेत. विचार सुरू होण्याआधीच ते इशारा देतं. म्हणून "विचार करू नको" या सल्ल्याचा उपयोग होत नाही, आणि गंडादोऱ्याचाही झाला नाही.

हे जगभरातल्या डॉक्टरांनाही उशिरा समजलं. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांनी १९८० मध्ये आपल्या आजारांच्या अधिकृत पुस्तकात पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर टिकून राहणारा ताणाचा आजार, पहिल्यांदा नोंदवला. तेव्हा त्यांनी लिहिलं, की असा आघात माणसाच्या नेहमीच्या अनुभवापलीकडचा असतो. पुढे लोकांना प्रत्यक्ष विचारायला सुरुवात झाली तेव्हा लक्षात आलं, की हा अनुभव तर घरोघरी आहे. १९९४ च्या आवृत्तीतून ती अट काढून टाकावी लागली.

आता तुमचा खरा प्रश्न: मीच अशी का? त्याच पाहणीमालिकेत असं दिसलं, की ज्यांच्यावर आघात झाला त्यांच्यापैकी साधारण ५.६ टक्के लोकांना आयुष्यात कधी तरी पीटीएसडी झाला. सगळ्या लोकसंख्येत मोजलं तर हे प्रमाण ३.९ टक्के येतं. तुमच्या गावात हजार मोठी माणसं आहेत असं धरू आणि जगाची ही सरासरी तशीच्या तशी लावू. सातशे जणांवर काही ना काही गुदरलेलं असेल, आणि साधारण चाळीस जणांना आयुष्यात कधी तरी तुम्हाला होतो तसा त्रास झालेला असेल किंवा आज होत असेल. ताई, चाळीस. हजार वस्तीच्या गावात चाळीस जणांना मधुमेह निघाला तर "तुलाच कशी साखर झाली" असं कोणी विचारत नाही.

यातून दोन गोष्टी निघतात आणि मला दोन्ही तुमच्यापर्यंत पोचवायच्या आहेत. आघात झालेली बहुतेक माणसं सावरतात. काही दिवस, काही आठवडे झोप उडते, दचकायला होतं, मग शेतीची कामं, सोबतीची माणसं, रोजची भाकर यांच्या आधारानं ते हळूहळू ओसरतं. ज्यांना पीटीएसडी होतो त्यांच्यातलेही बरेच वर्षभरात बरे होतात. म्हणून गावातला प्रत्येक जण आजारी आहे असं समजायची गरज नाही. पण ज्यांचं ओसरत नाही ते कमजोर असतात, असंही कुठल्याच अभ्यासात निघालेलं नाही. कोणाचं राहतं आणि कोणाचं जातं, हे बरंचसं त्या प्रसंगावर, आधीच्या आयुष्यावर आणि नंतर मिळालेल्या आधारावर ठरतं.

प्रसंगाचं पाहा. माणसानं माणसावर केलेला अत्याचार सगळ्यात खोल जातो. बलात्कार झालेल्यांपैकी जवळपास पाचात एकीला पीटीएसडी होतो; पूर-वादळासारख्या आपत्तीत हे प्रमाण त्यामानानं फार कमी आहे. जिवलगाच्या अचानक मृत्यूनं होणारा धोका मधला, पण असे मृत्यू इतके होतात, की पीटीएसडीच्या एकूण रुग्णांत त्यांचा वाटा मोठा असतो. बायकांमध्ये हे प्रमाण पुरुषांच्या साधारण दुप्पट आढळतं. तुमच्या बाबतीत तर मरणाच्या दारातलं माणूस तुमच्याच हातात होतं. त्याचं डोकं मांडीवर, आणि करण्यासारखं काही नाही. ती हतबलता फार खोल जाते.

आधीच्या आयुष्याबद्दल तुम्ही एका ओळीत लिहिलं आणि पुढे निघून गेलात. मी तिथेच थांबले. बाप आईला मारायचा आणि तुम्ही कोठीमागे लपून बसायच्या. "ते तर सगळीकडेच होतं" असं तुम्ही म्हणता. अमेरिकेत सॅन दिएगो शहरात नव्वदच्या दशकात सतरा हजारांहून अधिक प्रौढांना त्यांच्या बालपणाबद्दल विचारलं गेलं होतं. ही बहुतेक नोकरी-विमा असलेली, बऱ्या परिस्थितीतली माणसं. त्यांना विचारलेल्या मोजक्या गोष्टींत एक अशी होती: घरात आईला मारहाण होताना तुम्ही पाहिली का? म्हणजे जगातल्या संशोधकांनी ज्याला बालपणीचा गंभीर आघात मानलं, त्याला तुम्ही आघातांत धरलंसुद्धा नाही. त्या पाहणीत जवळपास दोन-तृतीयांश लोकांनी बालपणीचा निदान एक तरी असा अनुभव सांगितला, आणि असे अनुभव जितके जास्त, तितके पुढच्या आयुष्यात मनाचे आणि शरीराचेही आजार जास्त, असं निघालं.

आपल्याकडचा आकडाही पाहा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या विवाहित बायकांपैकी, म्हणजे १८ ते ४९ वयाच्या, सुमारे २९ टक्के जणींनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचं सांगितलं. हिंसा सोसलेल्या बायकांपैकी मदत मागितली ती जेमतेम १४ टक्क्यांनी. त्या प्रत्येक घरात कोठीमागे, दारामागे, गोधडीत तोंड खुपसून एखादं पोर असतं. हो, ते सगळीकडेच होतं. पण सगळीकडे होतं म्हणून ते तुम्हाला लागलं नाही, असं होत नाही. पहिला आघात ज्यांना लहानपणी बसलेला असतो त्यांना पुढचा आघात अनेकदा जास्त जड जातो.

आणि नंतरचा आधार. संशोधनात पुन्हा पुन्हा एक गोष्ट येते: प्रसंगानंतर त्या माणसाला सोबत मिळाली का, त्याचं कोणी ऐकलं का, की त्याला गप्प केलं गेलं, यावर पुढचं फार अवलंबून असतं. तुमच्या पत्रात मला एकही माणूस असा सापडला नाही ज्यानं तुम्हाला विचारलं, की वहिनी, ऑटोत तुझ्यावर काय गुदरलं. सगळ्यांनी दीर गमावला, मुलगा गमावला, भाऊ गमावला. मरताना सोबत असलेली तुम्ही एकट्याच होता.

सासूबाईंबद्दल सावकाश बोलावंसं वाटतं. "मी नाही रडत बसली" असं त्या म्हणतात आणि पोळ्याला बैल ओवाळायला बाहेर येत नाहीत. हे तुम्हीच लिहिलंत, आणि मला वाटतं लिहितानाच तुम्हाला ते समजलं होतं. त्यांना तुमच्यासारखा आजार आहे असं मी इथून म्हणणार नाही. पोटचं पोर गेल्याचं दुःख आयुष्यभर राहतं आणि त्याला आजार म्हणायचं कारण नाही. पण त्यांनी स्वतःला उभं ठेवण्यासाठी एक वाट शोधली: बोलायचं नाही. तुम्ही बोलायला लागलात की त्यांची वाट मोडते. म्हणून त्यांचं बोलणं इतकं धारदार येतं. त्यांच्याशी वाद घालू नका. येत्या पोळ्याला त्या आत बसतील तेव्हा त्यांच्याजवळ जाऊन बसा. "माय, मलेही आज त्याची लय आठवण येऊन राह्यली," इतकंच म्हणा. त्या काही बोलतील किंवा बोलणार नाहीत. बसून राहा.

यजमानांचाही भाऊ गेला आहे. "कोणाच्या घरी नाही झालं" हे वाक्य माणूस बरेचदा आधी स्वतःला सांगतो आणि मग बायकोला. त्यांना माझं हे सगळं उत्तर वाचून दाखवायची गरज नाही. फक्त एक गोष्ट मागा: एक दिवस माझ्यासोबत यवतमाळला या. पुरुषाला "माझं दुःख समजून घे" म्हटलं तर तो गांगरतो. "या कामाला सोबत चल" म्हटलं तर बहुतेक जण चालतात.

आता यादीचं. आशा म्हणून तुमच्या मनात हे यावं, स्वतः इतक्या त्रासात असताना गावाचा विचार यावा, याबद्दल मला तुमच्याविषयी फार आदर वाटला. पण यादी करू नका. लोकांना दारात उभं राहून "तुमच्यावर काय गुदरलं ते सांगा" असं विचारायचं नसतं. जुनी जखम उघडी करायची आणि पुढच्या घरी निघून जायचं, यात त्या माणसाचं नुकसान होऊ शकतं. मोठ्या पाहण्यांत विचारतात तेव्हा विचारणाऱ्यांचं प्रशिक्षण झालेलं असतं आणि गुप्तता पाळण्याची बांधिलकी असते. तुमच्या गावात तर विचारणारी शेजारीण आणि सांगणारी शेजारीण, आणि संध्याकाळपर्यंत पाणवठ्यावर बातमी. प्रसंगानंतर लगेच सगळ्यांना एकत्र बसवून घडलेलं बोलायला लावणं, हेही जागतिक आरोग्य संघटनेनं नको म्हटलं आहे. कोणाला स्वतःहून बोलायचं असेल तर ऐकावं, बोलायचं नसेल तर खोदू नये.

तुमच्या नेहमीच्या फेरीतच जे जमेल ते पुरेसं मोठं आहे. ज्या घरात मृत्यू, अपघात, सर्पदंश झाला, तिथे महिनाभरानं पुन्हा डोकवा आणि झोपेचं विचारा. "झोप लागते का, दचकून उठता का?" हा प्रश्न कोणालाच टोचत नाही, आणि खरं उत्तर मिळतं. महिना उलटूनही प्रसंग डोळ्यांपुढे येत असेल, त्या वाटेनं जाणं टाळलं जात असेल, सारखं दचकायला होत असेल, तर उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना सांगा किंवा जिल्ह्याच्या मानसिक आरोग्य पथकाकडे पाठवा. दूर पाठवलं तर लोक जात नाहीत, जवळ मिळालं तर जातात, हे आपल्या वऱ्हाडातच दिसलं आहे. अमरावती जिल्ह्यात 'विश्राम' नावाचा प्रकल्प चालला. गावातल्याच लोकांना शिकवून समुपदेशक केलं, दारोदार मनाच्या त्रासाबद्दल साध्या भाषेत सांगितलं. सुरुवातीला नैराश्य असलेल्यांपैकी जेमतेम ४ टक्के लोक आरोग्यसेवेपर्यंत पोचत होते. प्रकल्पानंतर ते प्रमाण २७ टक्क्यांवर गेलं. "आपले लोक मनाच्या डॉक्टरकडे जात नाहीत" हे वाक्य मी म्हणूनच मानत नाही.

आधी मात्र तुम्ही स्वतः. नुसत्या पत्रावरून कोणी निदान करू नये, मीही करणार नाही. पण एक महिना पुरे असतो तिथे तुमची वर्षं गेली आहेत, झोप मोडते आहे, वावर सुटलं आहे आणि पोरांवर हात जातो आहे. एवढ्यावर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवणं गरजेचं ठरतं. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभागाची ओपीडी आहे. सेवाग्रामलाही सोय आहे. घरून निघणं जमेपर्यंत १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर बोला. २०२२ पासून ही सरकारी सेवा सुरू आहे, फुकट आहे, रात्रीही लागते आणि मराठीत बोलता येतं. कधी जगण्याचा कंटाळा आला, नको ते विचार डोक्यात आले, तर ओपीडीच्या दिवसाची वाट न पाहता लगेच हाच नंबर लावा आणि घरातल्या एका माणसाला त्याच वेळी सांगा.

यावर चांगले उपचार आहेत आणि आघाताला कितीही वर्षं झाली असली तरी ते लागू पडतात. एका पद्धतीत प्रशिक्षित समुपदेशकासमोर, सुरक्षित जागी, तो दिवस थोडा थोडा सांगायचा असतो आणि जे टाळलं जातं त्याच्या जवळ पायरीपायरीनं जायचं असतं. ईएमडीआर नावाच्या दुसऱ्या पद्धतीत आठवणीवर काम करताना डोळ्यांची ठरावीक हालचाल करवतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ मध्ये मोठ्या माणसांसाठी या दोन्ही सुचवल्या. गरज वाटली तर डॉक्टर नैराश्यावरच्या गटातली गोळी देतात; तिचा गुण यायला काही आठवडे लागतात, मधेच सोडू नये. मेडिकलमधून स्वतःच्या मनानं झोपेच्या गोळ्या मात्र घेऊ नका. त्या या आजाराचा उपचार नाहीत आणि त्यांची सवय लागते. एकदा हिमोग्लोबिन आणि थायरॉइडही तपासून घ्या. धडधड त्यानंही होते.

वावरात जाण्याची जबरदस्ती स्वतःवर करू नका, दुसऱ्यांनाही करू देऊ नका. फवारणी सुरू असताना त्या वासापासून लांब राहणं मुळात बरोबरच आहे, तो वास विषाचा आहे. यजमानांनी तोंडाला मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा घालूनच फवारावं, वारा पाठीमागून येईल असं उभं राहावं, दोन-तीन औषधं एकत्र कालवू नयेत, हा आग्रह तुम्ही धरा; त्यात तुमची भीती शंभर टक्के बरोबर आहे. पण जानेवारीत, रिकाम्या वावरात, धुऱ्यावर पडलेलं जुनं डबडं पाहूनही तसंच होत असेल, तर तिथे आठवण बोलते आहे, आणि समुपदेशकासोबत काम करायचं ते याच जागेवर. औषधाचे डबे घरात, गोठ्यात ठेवू नका. बाहेर, कुलपात ठेवायला सांगा, ते सगळ्यांच्याच भल्याचं आहे. वास आला आणि धडधड सुरू झाली, तर बसा, पाय जमिनीला टेकवा, श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावा, आणि समोर दिसणाऱ्या वस्तूंची नावं मोठ्यानं घ्या: खाट, माठ, तुळस, बकरी. आता कुठे आहोत हे शरीराला त्यातून कळतं. यानं आजार बरा होणार नाही, पण तेवढी दहा मिनिटं निभतात.

पोरांना सांगा. "काका गेले तेव्हापासून या दिवसांत मायचा जीव घाबरा होतो, तुमची चूक नसते." लहान पोर समजतं, की आई माझ्यामुळेच चिडली. तुम्ही कोठीमागे बसून काय समजत होतात, ते आठवा आणि त्यांना ते समजू देऊ नका.

ओपीडीत गर्दी असते. "टेन्शन आहे, झोप नाही" एवढंच सांगितलं तर झोपेची गोळी घेऊन परत याल. म्हणून घरूनच कागदावर लिहून न्या: २०१७ मध्ये दीर फवारणीच्या विषबाधेनं गेला, दवाखान्यात मी नेलं, औषधाच्या वासानं काय होतं, कोणत्या महिन्यांत वाढतं, रात्री काय ऐकू येतं, लहानपणी घरात मारहाण पाहिली, किती वर्षांपासून आहे. शेवटी विचारा, "हा पीटीएसडी आहे का, आणि समुपदेशन कोण देईल?" पेरण्या उरकल्यावर पहिली फवारणी लागेपर्यंत थोडे मोकळे दिवस मिळतात, तेव्हा पहिली फेरी करा. पोळ्याच्या आधी निदान दोन-तीन वेळा जाणं झालं तर यंदाचा हंगाम थोडा हलका जाईल. आशा म्हणून गावातल्या बायांना घेऊन तुम्ही किती वेळा दवाखान्यात गेला असाल; या वेळी केसपेपर तुमच्या नावाचा काढा.